फ्रॉक, रिव्हिजन सी

ज्या दिवशी माणसाला सरळ रेष काढता आली, त्याच दिवशी शिंपी या व्यवसायाची गरज संपली. पुढची हजारो वर्षं तो केवळ लोकांच्या आळसावर जगत आला आहे. हा सिद्धान्त मी एकसष्ट सालच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी, बेंगळूरला, मल्लेश्वरममधल्या आमच्या भाड्याच्या घरात खणखणीत आवाजात मांडला. त्या वेळी माझ्या एका गालावर साबण होता, दुसऱ्यावर रक्त होतं, आणि श्रोतृवर्गात फक्त माझी बायको होती.

"छान," प्रेमा म्हणाली. "मग शनिवारपर्यंत प्रतिमाचा फ्रॉक तुम्हीच शिवा."

माणसानं सिद्धान्त जरूर मांडावेत. पण ज्याला बायकामुलं आहेत त्यानं ते दाढी आटोपून, घराबाहेर पडल्यावर मांडावेत.

प्रश्न आमच्या प्रतिमाचा होता. ती तेव्हा आठ वर्षांची. तिच्या शाळेनं नुकतीच शनिवारी गणवेशाला सुट्टी दिली होती. गणवेश सोडला तर प्रतिमाकडे कपडे दोनच: मावशीनं साताऱ्याहून दिवाळीला पाठवलेलं जरीकाठी परकर-पोलकं, आणि एक जुना फ्रॉक, जो एव्हाना पोलकं म्हणूनच खपला असता. पहिल्या शनिवारी ती जरीकाठी थाटात शाळेत गेली. वर्गातल्या मुलींनी विचारलं, "यारदु मदुवे?" म्हणजे, लग्न कुणाचं? एकदा विचारून त्या थांबल्या नाहीत. दिवसभर विचारलं. डबा खाताना दोघींनी तिच्या डोक्यावर भाताची शितं टाकून मंगलाष्टकंही म्हटली.

घरी येऊन ती रडली असती तर परवडलं असतं. तिनं दप्तर जागेवर ठेवलं आणि एखाद्या खात्याच्या सचिवानं सांगावं तसं सांगितलं की यापुढे शनिवारी ती शाळेत जाणार नाही. येत्या शनिवारी वर्गाची लालबागेत सहल आहे, तिकडेही नाही.

"मला रोजचा फ्रॉक पाहिजे," ती म्हणाली. "सगळ्यांचा असतो तसला."

मी तिला सायकलवर बसवून शिवाजीनगरच्या शिंप्याकडे नेलं. त्यानं आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग लग्नाच्या ब्लाउजांच्या ढिगाकडे, आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे. "उगादी झाल्यावर या," तो म्हणाला. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, महिना होता. वर नमूद केलेल्या सिद्धान्ताचा जन्म त्या दुकानाच्या पायरीवर झाला.

प्रेमाला शिवणकाम येत होतं, पण कापायला ती भीत असे. "शिवलेलं उसवता येतं, कापलेलं काही परत जोडता येत नाही," असं तिचं म्हणणं. मग तिनंच शिवाजीनगरच्या एका रद्दीवाल्याकडून विलायती कागदी नमुना पैदा केला. लिफाफ्यावर एक मुलगी फ्रॉक घालून कुत्र्याकडे बघून हसत होती, आणि खाली छापलं होतं की हा अत्यंत सोपा, रोजच्या वापराचा फ्रॉक असून तो एका दुपारी होतो. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पिवळा कागद. त्यावर तुटक रेषा, बाण, त्रिकोण, मध्यरेषा.

ते बघून मला भरून आलं. मी तेव्हा एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. तेव्हा सांगायला बंदी होती आणि न सांगण्याची सवय पुढं तशीच राहिली. उडणाऱ्या वस्तूंचे न उडणारे भाग आम्ही करत होतो, एवढं पुरे. मुद्दा हा की लग्नाला दहा वर्षं होऊन गेल्यावर माझ्या शिक्षणाची आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी गरज पडली होती.

"हे म्हणजे शुद्ध ड्रॉइंग आहे," मी म्हणालो. "फ्रॉक म्हणजे काय? एक नळकांडं. त्याला वर एक भोक, बाजूला दोन."

"खाली नको का?" प्रेमानं विचारलं.

नमुना बारा वर्षांच्या मुलीचा होता. प्रतिमा आठची. बाराला आठ, म्हणजे तीनाला दोन. मी सगळी मापं दोन-तृतीयांश केली. हिशेब निर्दोष होता. त्या हिशेबानं एक वर्षाच्या मुलाचा सदरा काडेपेटीत मावला असता हे प्रेमानं लगेच दाखवून दिलं, पण शास्त्रात अशा टोकाच्या उदाहरणांना फारसा मान नसतो.

वर्तमानपत्राचा फ्रॉक कापून, डिंकानं चिकटवून, सोमवारी संध्याकाळी अंगणात त्याची चाचणी झाली. तो प्रतिमाच्या कपाळापर्यंत आला आणि तिथं थांबला. आतून तिचा आवाज आला, "बाबा, अंधार आहे."

एव्हाना आमचे घरमालक नरसिंहराव ओसरीवर येऊन उभे होते. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात बेंगळुरात आलं. तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट ते परवाच सामान उतरवल्यासारखी सांगत. आम्हाला येऊन चारच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही अजून बसस्टॉपवरच उभे होतो.

"विद्याधरराव, गळा लहान नाही हो," ते बारकाईनं बघून म्हणाले. "डोकं मोठं आहे. बापावर गेलंय. गळा स्वल्प मोठा करा, इष्टे." इष्टे, म्हणजे एवढंच.

"गळ्याचं राहू दे," आतून त्यांच्या पत्नी कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे. "वाढतं अंग आहे पोरीचं. सगळीकडून दोन-दोन इंच जास्त सोडा आणि आत दुमडा. पुढल्या वर्षी उसवलं की पुन्हा नवा फ्रॉक. आमच्या पद्मावतीचा एक झगा सात वर्षं चालला."

"सातव्या वर्षी तिचं लग्न ठरलं म्हणून थांबला," नरसिंहराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचा कोट अजून चालतोय ना?"

वर्तमानपत्राचा तो फ्रॉक म्हणजे रिव्हिजन ए. अक्कांच्या सल्ल्यानुसार जो झाला तो रिव्हिजन बी. आता मी वयाचा नाद सोडून प्रतिमाची खरी मापं घेतली आणि प्रत्येक कडेला दोन इंच वाढवले. खांद्याला दोन, बगलेला दोन, गळ्यालाही दोन. पण एवढं मोठं ड्रॉइंग काढायला घरात टेबल कुठलं? जेवणाच्या पाटावर मी मध्यरेषा आखायला घेतली तेव्हा प्रेमानं त्यावर आमटीचं पातेलं आणून ठेवलं. म्हणून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या माझ्या सहा फुटी ड्रॉइंग बोर्डावर, टाकाऊ ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर, मी तो फ्रॉक काढला. पुढचा भाग, मागचा भाग, बाही नग दोन. रेषा अशा की बघणाऱ्यानं टोपी काढावी.

संध्याकाळी गुंडाळी काखेत मारून फाटकावर आलो. फाटकावर हंबीरराव. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, इथल्याच मराठ्यांपैकी. मिशा अशा की त्यांच्यासाठी वेगळा पास लागावा.

"काय आहे साहेब?"

"फ्रॉक."

त्यांनी गुंडाळी उलगडली. दोन्ही हात लांब करून पाहिली. "हे ड्रॉइंग आहे."

"फ्रॉकचं ड्रॉइंग आहे. घरचं. मुलीसाठी."

"नंबर?"

"याला नंबर नाही."

"मग जाणार नाही. बिननंबरी ड्रॉइंग फाटकाबाहेर जात नाही."

"आणि नंबर असलेलं?"

"ते तर मुळीच जात नाही."

"मग जातं कुठलं, सुभेदारसाहेब?"

"गेटपास असलेलं," हंबीरराव म्हणाले. "आणि बिननंबरी ड्रॉइंगला गेटपास मिळत नाही. सरी?" म्हणजे, ठीक?

माझ्या मागं पाचशे लोक सायकली घेऊन खोळंबले होते. त्यांच्यातल्या कुणीतरी माहिती पुरवली की साहेब बायकांचे कपडे घेऊन चालले होते, धरले. मी गुंडाळी हंबीररावांच्या ताब्यात देऊन ताठ मानेनं बाहेर पडलो. सायकल आत राहिली हे मला स्टेशनपाशी आठवलं.

बुधवारी सकाळी फाटकावरून गुंडाळी सोडवून मी रेकॉर्ड विभागात कृष्णमूर्तींकडे गेलो. कृष्णमूर्ती हा अत्यंत सज्जन माणूस. तीस वर्षांत त्यानं कुठल्याच ड्रॉइंगमध्ये काय आहे ते बघितलं नव्हतं, फक्त सगळे रकाने भरलेत की नाही ते बघितलं होतं. त्यानं सात-चार-शून्य-नऊ नंबर दिला. भागाचं नाव: पुढचा व मागचा पत्रा आणि बाही, असं त्यानं आपल्या मनानं लिहिलं, आमच्याकडे भाग म्हटला की पत्राच. मग म्हणाला, "पुढची जोडणी?"

प्रत्येक भाग पुढं कशाला तरी जोडला जातो, तो रकाना रिकामा चालत नाही. मी खरं ते सांगितलं. "प्रतिमा."

त्यानं वळणदार अक्षरात प्रतिमा लिहिलं. "माल?"

कापड अजून घ्यायचं होतं. प्रेमाचा कल निळ्या चौकटीकडे होता, माझा करड्याकडे. मी म्हणालो, "ठरायचंय."

"सरी," कृष्णमूर्ती म्हणाला आणि लिहिलं: माल ठरायचा आहे.

नंबर मिळाला. आता गेटपास. गेटपासवर डेप्युटी साहेबांची सही लागते आणि डेप्युटी साहेब कानपूरला गेलेले, सोमवारी परतणार. सहल शनिवारी. मी कृष्णमूर्तीला म्हटलं, जाऊ दे, नंबर रद्द कर, मी आपला पुन्हा पाटावर काढतो. तो दचकला. "नंबर दिल्यावर रद्द करायला रिव्हिजन काढावं लागतं सार. आणि ड्रॉइंग प्रिंटला गेलं."

"कुठं गेलं?"

"प्रिंटला. तीन प्रती. नियम आहे."

मी तो विषय तिथं सोडला. इथंच चुकलो. सरकारी कारखान्यात नंबर लागलेल्या कागदाला पाय फुटतात हे मला, इतकी वर्षं तसे कागद स्वतः सोडत असूनही, सुचलं नाही.

त्या संध्याकाळी घरी मी ड्रॉइंगची प्रगती सांगितली. प्रेमा निळ्या चौकटीचं कापड घेऊनही आली होती. दुकानदारानं ते नव्या मीटरपट्टीनं मोजून दिलं, तिनं ते घरी येऊन हाताच्या कोपरानं पुन्हा मोजलं. कापड आटतं म्हणून अक्कांनी ते बादलीत बुडवून ठेवायला लावलं. म्हणजे कापड भिजत होतं, शिवणाचं मशीन अक्कांकडे तयार होतं, शनिवार जवळ येत होता, आणि फ्रॉक कोठडीत होता.

प्रतिमानं माझ्याकडे बघितलं. "बाबा, नाही झाला तर मला ताप येऊ दे," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

गुरुवारी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पत्र्याच्या शॉपचे फोरमन गुंडोपंत. बेळगावचे, बोलणं इतकं गोड की ते शिव्या देत आहेत हे दोन मिनिटांनी कळे.

"साहेब, तुमचा पीस झालाय बघा. या की बघायला."

"कुठला पीस?"

"सात-चार-शून्य-नऊ की. माल ठरायचा आहे म्हणून लिहिलं होतंसा, प्लॅनिंगवाल्यांनी आपलं नेहमीचं ॲल्युमिनियम टाकलं. बावीस गेज. काय चुकलं काय?"

मी पायऱ्या दोन-दोन करत खाली गेलो. शॉपच्या मधोमध बाकावर, दिव्याखाली, फ्रॉक उभा होता. आपल्या पायावर उभा, कारण तो पत्र्याचा होता. खांद्यावर रिव्हेट, बगलेत रिव्हेट, घेराला सुबक पन्हळी. दोन बाह्या हवेत अशा पसरलेल्या की आता हा धावत येऊन मिठी मारणार. चार-पाच कारागीर आदरानं भोवती उभे होते.

"हे कशाचं कव्हर आहे, एवढं आम्हाला कळलं नाही," गुंडोपंत म्हणाले. "पण आम्ही विचारत नसतो. काम गुप्त असंल. आता खरं सांगू का साहेब? डिझाईन वाईट आहे."

आयुष्यात माझ्या रेषेला कुणी वाईट म्हटलं नव्हतं. "काय वाईट आहे?"

"हे वरचं भोक बघा. कडेला दोन इंच जास्त सोडलाय तुम्ही. बाहेरच्या कडेला सोडला तर पीस मोठा होतो, पण भोकाच्या कडेला सोडला तर भोक लहान होतं की! जे काय यातनं वर यायचंय, ते येणार कसं?"

मला अंगणातलं 'बाबा, अंधार आहे' ऐकू आलं.

"म्हणून मी वरचं आणि बाजूचं भोक तुमचं माप सोडून मोठं केलं. आणि गोलाईची कड आत वळवताना पत्रा गोळा होतो, चिरतो. तिथं अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक छेद दिले. आता बसतंय बघा कसं गुळगुळीत." त्यांनी गळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणजे रिव्हिजन सी मला न विचारताच निघालं होतं. "फक्त एक राहिलं. जोडून बघायला पाहिजे. ते पुढची जोडणी, प्रतिमा, कुठं आहे?"

"शाळेत," मी म्हणालो.

गुंडोपंतांनी कडेवरचं बोट उचललं.

"साडेचारला सुटते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. परकर, शितं, मंगलाष्टकं, शिंपी, शनिवार. बोलताना मी माझ्या बुटांकडे बघत होतो. वर बघितलं तेव्हा गुंडोपंत डोळे पुसत होते. हसून की कशानं ते मी विचारलं नाही.

"तीन पोरी आहेत मला," ते म्हणाले. "सांगितलं असतंसा तर कडा अजून घासल्या असत्या."

पण पेच तसाच होता. पीस चुकून झाला हे वर कळलं तर माझं स्पष्टीकरण मागवतील, त्या स्पष्टीकरणाला नंबर लागेल, आणि त्या नंबराचं काय होईल ते मला आता माहीत होतं. गुंडोपंतांनी शांतपणे लाल रंगाचा डबा मागवला आणि फ्रॉकच्या छातीवर मोठी फुली मारली. "रिजेक्ट. भंगार. भंगार कामगारांना घरी न्यायला मिळतं. स्टोअरकीपर रोज पास देतो."

असा तो पास घेऊन शुक्रवारी अर्ध्या दिवसाच्या रजेवर मी फाटकावर आलो. हंबीररावांनी पास वाचला. फ्रॉकभोवती एक फेरी मारली. बोटानं टिचकी मारली.

"भंगार?"

"भंगार."

"जाऊ द्या," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "साहेब, कागदाचा गेटपास सोमवारी मिळेल. प्रिंट काढून गुंडाळी परत माझ्याकडेच आली, तोपर्यंत मी कुलपात ठेवलीय. काळजी नको. फार बेस्ट फ्रॉक आहे."

कागदाचा फ्रॉक देशाच्या सुरक्षिततेला धोका म्हणून आत राहिला, आणि पत्र्याचा माझ्याबरोबर बाहेर आला. हा सगळा कारभार ज्यांना विसंगत वाटतो त्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही.

सायकलवर तो बसेना, म्हणून बस धरली. कंडक्टरनं विचारलं, हे सामान आहे की मूल? मी म्हटलं, सामान. मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, सामानाला हात कुठं असतात? बसमध्ये मतदान झालं. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. मग तिकीट आहे तर जागाही आहे, या न्यायानं एका बाईंनी सरकून फ्रॉकला खिडकीपाशी बसवलं. मी मल्लेश्वरमपर्यंत उभा होतो. फुली बघून बाईंनी हळूच विचारलं, "ऑपरेशनाचं का?" मी मान डोलावली. खरं सांगायला माझ्याकडे तेवढी बस उरली नव्हती.

घरी प्रेमानं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, फ्रॉककडे बघितलं. "मी रोजच्या वापराचा म्हटलं होतं," ती म्हणाली. "कायमचा नाही."

तोवर नरसिंहराव पक्कड घेऊन आलेच. त्यांनी आणि मी रिव्हेट काढले, आणि त्या कवचाचे चार तुकडे झाले. तुकड्यांना बाक आला होता. तो काढायला आम्ही ते ओसरीवर पालथे टाकून त्यांवर अक्कांचा इडलीचं पीठ वाटायचा दगड ठेवला. दगड पुरेना तेव्हा नरसिंहराव स्वतः बसले. "तीनशे वर्षांत आमच्या घराण्यात कुणी फ्रॉकवर बसलं नव्हतं," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

आणि मग एक चमत्कार झाला. कापडावर ते पत्रे ठेवून प्रेमानं खडूनं कड गिरवली, कात्री उचलली, आणि न थांबता कापत गेली. पत्रा हलत नव्हता, सुरकुतत नव्हता, उडत नव्हता. गळ्याच्या कडेला गुंडोपंतांनी दिलेले छेद होते तसे तिनंही कापडाला बारीक कात्रे दिले. "हा माणूस कोण आहे?" तिनं विचारलं. "याला शिवण येतं." माझ्याबद्दल तिनं काही विचारलं नाही.

कापणं तिचं झालं, शिवणं माझं होतं. सोमवारचे शब्द प्रेमानं जपून ठेवले होते. मशीन अक्कांच्या माजघरात, हातानं फिरवायचं. शुक्रवार असल्यानं अक्का मडीत, म्हणजे आपल्याकडचं सोवळं. दिवा लागून पूजा होईपर्यंत त्यांना आम्हालाही शिवायचं नव्हतं, मशीनलाही नाही. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून दहा फुटांवरून हुकूम सोडत होत्या.

"सरळ, सरळ! अय्यो, कापड ओढू नका, ते आपोआप जातं. गाय आहे का ती?"

"अक्का, दोरा तुटला."

"दोरा तुटत नाही, तुम्ही तोडता. बॉबिन बघा. ते नाही, खालचं! आमची पद्मावती असती तर एव्हाना दोन झगे झाले असते."

उजव्या हातानं चाक, डाव्या हातानं कापड, आणि डोळे अक्कांकडे. या तऱ्हेनं एक बाजू शिवून झाल्यावर मी मोठ्या अभिमानानं उठलो, तर फ्रॉक माझ्याबरोबर उठला. माझ्या सदऱ्याची बाही त्याच्या शिवणीत बारीक, एकसारख्या, सुंदर टाक्यांनी गुंतली होती. माझी त्या दिवशीची सर्वांत सरळ शिवण तीच. अक्का हसता हसता उंबऱ्यावरून खाली आल्या, कुणाचा तरी धक्का लागला, आणि मडी मोडली. "झालं! आता पुन्हा अंघोळ," त्या म्हणाल्या. पण अंघोळीआधी मोडलेल्या सोवळ्याचा फायदा घेऊन त्यांनी मशीनवर बसून दोन्ही खांदे सपासप शिवून टाकले. धर्मात अशा फटी असतात म्हणूनच तो टिकतो.

शेवटी बाह्या. मी पहिली लावली. दुसरी हातात घेऊन उजव्या खांद्याला लावून बघितली, ती बसेना. ड्रॉइंगवर मी लिहिलं होतं, 'बाही, नग दोन.' एक डावी आणि एक उजवी असं लिहायला हवं होतं. पत्र्याच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होत्या, त्यामुळे कापडाच्याही. आणि कापड संपलं होतं.

प्रतिमा दारात उभी होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप कितपत आला आहे ते.

"थांबा," मी म्हणालो. "गोंधळायचं नाही. मला कागद द्या. रिव्हिजन डी काढावं लागेल. बाहीचं सममित रूपांतर करून, जुना फ्रॉक उसवून त्यातून..."

मी बोलत असताना प्रेमानं माझ्या हातातली बाही घेतली, उलटी केली आणि उजव्या खांद्याला टाचली. चौकट विणलेली होती; कापड दोन्हीकडून सारखंच. ती बाही आता बरोबर उजव्या हाताची होती.

नरसिंहरावांनी वाकून ती बाही आतून-बाहेरून बघितली. "इष्टे?" मग ते म्हणाले.

"इष्टे," प्रेमा म्हणाली.

शनिवारी सकाळी प्रतिमानं फ्रॉक घातला. डोकं गळ्यातून असं वर आलं जणू त्यासाठीच तो कापला होता. हात वर केले, खाली केले, एक गिरकी घेतली. कुठंही ओढत नव्हतं, कुठंही लोंबत नव्हतं. निळी चौकट, गोल गळा, थोडी चुणी. अक्कांनी दृष्ट काढली. मी इस्त्रीचा सदरा घातला, तेल लावून भांग पाडला आणि तिला सहलीच्या बसपर्यंत पोचवायला स्वतः निघालो. प्रेमा म्हणत होती मी जाते, पण अशा प्रसंगी निर्मात्यानं हजर राहायला हवं.

शाळेसमोर झाडाखाली पन्नास मुली कलकलत होत्या. हिरवे, पिवळे, ठिपक्यांचे, चौकटीचे साधे फ्रॉक. प्रतिमा त्यांच्यात जाऊन मिसळली आणि काहीच झालं नाही. कुणी वळून बघितलं नाही. कुणी लग्न विचारलं नाही. एका मुलीनं तिचा हात धरला आणि चिंचा किती आणल्यास म्हणून विचारलं, बस.

मला हे पटलं नाही. पाच दिवस, तीन रिव्हिजनं, एक कारखाना, आणि कुणी विचारतसुद्धा नाही? शेजारी एका मुलीचे वडील उभे होते, चांगले समजूतदार दिसत होते. मी घसा साफ केला. "मुलांचे कपडे म्हणजे खरं पाहता," मी त्यांना सुरुवात केली, "साधं नळकांडं असतं..."

सदऱ्याला खालून हिसका बसला. प्रतिमा घोळक्यातून पळत परत आली होती. तिनं मला वाकायची खूण केली. मी वाकलो, वाटलं, आता थँक्यू म्हणणार. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली,

"बाबा, बस निघेपर्यंत तुम्ही त्या पलीकडच्या फुटपाथवर उभे राहता?"